अपूर्ण माणसें आणि देवाचें कार्य

पवित्र शास्त्राचा तास चालू असतां वरच्या वर्गांतील विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि त्यांचे पालकही तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत असतात. प्रश्न असा कीं, ख्रिस्ती मंडळी ही जर देवाची मंडळी आहे, तर तिच्यांत भांडणें कां होतात? उपदेशकास राग कां येतो? देवळांत पुढें बसणारा गृहस्थ बाजारांत खोटें माप कां घालतो? आणि ज्यांच्या ठिकाणीं असे दोष दिसतात त्यांच्याच हातून देव आपलें काम करवून घेतो, हें म्हणणें कितपत खरें मानावें? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. तो प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक प्रश्नास तसेंच उत्तर मिळालें पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखांत या विषयाचा थोडासा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम 'अपूर्ण' या शब्दाचा अर्थ पाहूं. आपल्या भाषेंत या शब्दाचे दोन अर्थ होतात. ज्याच्या अंगीं दोष आहे तो अपूर्ण, आणि जें काम अर्धें राहिलें तेंही अपूर्ण. देवाच्या सेवकांच्या चरित्रांत हे दोन्ही अर्थ एकत्र आढळतात, हें पुढें दिसून येईलच. परंतु एक गोष्ट मात्र या शब्दांत मुळींच येत नाहीं. अमक्या जातींत जन्म झाला, अंगावर फाटके कपडे आहेत, शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, यांस अपूर्णता म्हणतां येत नाहीं. तो लोकांनीं लादलेला कमीपणा होय. आपल्या मराठवाड्यांत या भेदाचें एक ठळक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांत जन्मलेले गृहस्थ १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले, व पुढें निजामच्या राज्यांत जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाचें गांव वसविलें. गांवकुसाबाहेर ठेविलेल्या मांग बांधवांमध्यें त्यांचें मुख्य कार्य झालें. त्या बांधवांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें हा दोष गांवाचा होता, त्यांचा नव्हता. देवानें त्यांस जवळ केलें तेव्हां त्यानें 'अपूर्ण' माणसें निवडलीं असें कोणीं म्हटल्यास तें चुकीचें होईल. त्यांच्या अंगीं दोष असतील ते इतर सर्व मनुष्यांच्या अंगीं असतात तेच. हा भेद ध्यानांत ठेवून आतां खऱ्या दोषांकडे वळूं.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्याच्या लक्षांत सहज येणारी गोष्ट ही कीं, तें आपल्या थोर पुरुषांचे दोष झांकून ठेवीत नाहीं. प्रभूच्या बारा शिष्यांत पेत्र अग्रेसर होता, परंतु संकटाच्या रात्रीं त्यानें प्रभूस तीन वेळां नाकारिलें, ही हकीकत चारही शुभवर्तमानांत नमूद आहे. पुष्कळांस एवढीच गोष्ट माहीत असते, आणि त्यापुढें पेत्र अगदीं निराळा मनुष्य झाला असें ते समजतात. वस्तुस्थिति तशी नाहीं. पुढें तो मंडळीचा आधारस्तंभ झाल्यावरही अंत्युखिया शहरीं त्याच्याकडून एक मोठी चूक झाली. यहूदी नसलेल्या बंधूंच्या पंक्तीस बसून तो जेवीत असे. परंतु यरुशलेमेहून कांहीं मंडळी आली तेव्हां त्यांच्या भीतीनें तो त्या पंक्तींतून उठून वेगळा बसूं लागला. पौलानें त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेद म्हणजे काय हें ज्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या प्रसंगाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पेत्राचा भित्रेपणा एकदां पश्चात्ताप झाला म्हणून कायमचा नाहींसा झाला नाहीं. तो पुन्हां डोकावला, पुन्हां त्याची कानउघाडणी करावी लागली, आणि तरीही देवानें त्यास टाकिलें नाहीं.

योहान ज्याला मार्क म्हणत, त्या तरुणाची गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी. पौल व बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासांत हा त्यांच्या सोबतीस होता; परंतु पिर्गा येथें पोंचल्यावर तो त्यांस सोडून घरीं परतला. पुढच्या प्रवासास निघतांना बर्णबा म्हणूं लागला कीं मार्कास पुन्हां घ्यावें, आणि पौल म्हणूं लागला कीं अर्ध्यावर टाकून जाणारा नको. या वादावरून ते दोघे थोर सेवक एकमेकांपासून वेगळे झाले. येथें दोष कोणाचा, हें शास्त्र सांगत नाहीं. परंतु बर्णबानें त्या मुलास हातचें सोडलें नाहीं, आणि बऱ्याच वर्षांनीं कारागृहांतून लिहितांना त्याच पौलानें मार्कास आपणाकडे घेऊन येण्यास सांगितलें; कारण तो सेवेस उपयोगी आहे असें त्याचें मत झालें होतें. दुसरें शुभवर्तमान याच मार्कानें लिहिलें अशी मंडळींतील प्राचीन परंपरा आहे. नापास झालेल्या मुलास दुसऱ्यानें एक संधि दिली, तिचें फळ जगास मिळालें.

करिंथ येथील मंडळीची हकीकतही अशीच आहे. तेथें तट पडले होते, एकमेकांविरुद्ध कचेरींत फिर्यादी होत होत्या, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं श्रीमंत पोटभर जेवून घेत व गरीब उपाशी राहत. पौलानें त्यांस कडक शब्दांत पत्रें लिहिलीं. त्याच पत्रांत प्रीतीविषयीं जो अध्याय आहे तो आज जगभर वाचला जातो. तो अध्याय एखाद्या निर्दोष मंडळीस उद्देशून लिहिलेला नव्हता. भांडणाऱ्या मंडळीस उद्देशून तो लिहावा लागला.

हीं उदाहरणें दूरच्या देशांतलीं व जुन्या काळांतलीं म्हणून कोणास परकीं वाटतील. म्हणून आतां आपल्या महाराष्ट्राकडे पाहूं.

मराठींत पवित्र शास्त्र प्रथम छापिलें तें महाराष्ट्रांत नव्हे, तर बंगाल्यांत कलकत्त्यानजीक सेरामपूर येथें. तें काम विल्यम केरी यांनीं केलें. केरीसाहेब मूळचे इंग्लंडांतील एक मोची. ते १७९३ सालीं हिंदुस्थानांत आले. त्यांनीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठी शिकविली, मराठीचें व्याकरण व कोश रचिले, आणि नागपूरकडील पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं नवा करार मराठींत छापिला. महाराष्ट्रांत राहून ही भाषा शिकण्याची संधि त्यांस मिळाली नाहीं. अर्थात् त्यांच्या भाषांतरांत नागपुरी वळण व पुष्कळ उणिवा राहून गेल्या, आणि मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनरींस तें इकडील लोकांस समजण्याजोगें वाटलें नाहीं. त्यांनीं नव्यानें भाषांतर हातीं घेतलें, व त्यांचा नवा करार १८२६ सालीं पुरा छापून झाला. मग केरींचें काम फुकट गेलें काय? तसें म्हणतां येत नाहीं. शेतांत पहिली नांगरट करणाऱ्यास ढेकळेंच दिसतात; पेरणारा मागून येतो.

केरींच्या घरची एक दुःखद हकीकतही येथें सांगितली पाहिजे. ती गाळली तर हा लेख खरा होणार नाहीं. त्यांची पत्नी डॉरथी यांस स्वदेश सोडून येण्याची इच्छा नव्हती. येथें आल्यावर १७९४ सालीं त्यांचा एक लहान मुलगा वारला, आणि त्यानंतर त्यांचें मन बिघडलें तें १८०७ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत सुधारलें नाहीं. भाषांतराचें थोर कार्य चालू होतें त्याच घरांत एक स्त्री अशा दुःखांत दिवस काढीत होती. देवाच्या कामाची किंमत पुष्कळदां काम करणाराखेरीज दुसरेंच कोणी देत असतें. या मुद्द्याकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या याच मालिकेंत पंडिता रमाबाई यांचें नांव येतें. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, व बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यांचा स्वभाव स्वतंत्र व निग्रही होता. वाँटेज येथील भगिनींनीं व धर्माधिकाऱ्यांनीं सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या मुकाट्यानें मानीत नसत. स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीस पटेल तेंच त्या घेत. त्यांच्या हितचिंतक भगिनीस हा गर्व वाटला, व तसें तिनें पत्रांतून कळविलेंही. तो कितपत गर्व होता व कितपत सत्यनिष्ठा, याचा निवाडा करणें कठीण आहे. एवढें मात्र खरें कीं, याच निग्रही स्वभावामुळें १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें मरणाऱ्या शेंकडों मुलींस व स्त्रियांस घेऊन आल्या. त्यांतून केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. ऐकून घेणारी, मऊ स्वभावाची एखादी बाई त्या वेळीं घराबाहेर पडली असती असें वाटत नाहीं.

रमाबाईंच्या चरित्रांत पालकांनीं विचार करावा असा आणखी एक प्रसंग आहे. त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस 'शारदासदन' काढिलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. परंतु रमाबाई आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत, व ज्या मुली येऊन बसत त्यांस त्या हांकलून देत नसत. कांहीं मुलींचा कल ख्रिस्ताकडे होऊं लागला तेव्हां १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारख्या सल्लागारांनीं आपला संबंध तोडला, व कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंस वाटलें कीं आपण कोणावर जुलूम केला नाहीं. पालकांस वाटलें कीं आपला विश्वास ढळविला गेला. या दोन्ही बाजूंचीं माणसें प्रामाणिक होतीं. ज्यांचीं मुलें मिशनच्या शाळेंत शिकतात त्यांनीं, आणि जे तेथें शिकवितात त्यांनींही, या प्रसंगाचा दोन्ही बाजूंनीं विचार करणें इष्ट आहे. थोर सेवकांच्या हातूनही विश्वासाचा धागा तुटूं शकतो.

पुढें रमाबाईंस वाटलें कीं रूढ मराठी पवित्र शास्त्राची भाषा साध्या अशिक्षित स्त्रियांस कठीण जाते. म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या व उतारवयांत सबंध शास्त्राचें नवें भाषांतर त्यांनीं केलें. मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच तें छापण्याचें काम केलें. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. केरींपासून रमाबाईंपर्यंत एक शतकाहून अधिक काळ लोटला. कोणाचेंही भाषांतर शेवटचें ठरलें नाहीं. प्रत्येकाचें अर्धें राहिलेलें काम पुढच्यानें उचललें. 'अपूर्ण' या शब्दाचा जो दुसरा अर्थ वर सांगितला तो हाच.

आतां ज्यांचीं पदें आपण दर रविवारीं गातों ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत करजगांव येथें झाला व १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांची भक्ति, त्यांचें कवित्व व त्यांची दानशूरता सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या स्वभावांत उतावळेपणा होता, राग लवकर येई, न सांगतां घर सोडून जाण्याची संवय होती, आणि हातांतला पैसा दुसऱ्यास देऊन टाकतांना घरीं काय शिजेल याचें भान राहत नसे. हें त्यांच्या विरोधकांनीं लिहिलेलें नाहीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत तें मोकळ्या मनानें सांगितलें आहे. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून त्यांस कित्येक वर्षें वेगळें राहावें लागलें. पुढें त्या लहान मुलासह टिळकांकडे आल्या. आरंभीं त्यांनीं आपलें सोवळें वेगळें पाळिलें, व विचारान्तीं तें सोडून १९०० सालीं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा जो उधळा हात घरास ओढाताणींत टाकी, तोच हात दुष्काळांतील पोरक्या मुलांस घरीं आणी. बालकवि ठोमरे यांसारख्या अस्थिर मनाच्या तरुण कवीस अहमदनगरास टिळकांच्या घरीं आसरा मिळाला तो याच स्वभावामुळें. दोष व गुण यांचें मूळ पुष्कळदां एकच असतें. मात्र हें म्हणतांना लक्ष्मीबाईंस विसरून चालणार नाहीं. टिळकांनीं घरांत आणलेल्या मुलांस भाकरी करून कोण घालीत असे? टिळक निघून गेल्यावर दाराकडे पाहत कोण बसत असे? टिळकांची अपूर्णता भरून काढण्यासाठीं देवानें आकाशांतून दूत पाठविले नाहींत. एक शाळेंत न गेलेली, विनोदी, खंबीर स्त्री त्यांच्या शेजारीं उभी केली. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले आणि तो दरबार फार काळ टिकला नाहीं. 'ख्रिस्तायन' हें त्यांनीं आरंभिलेलें महाकाव्यही अर्धेंच राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. ज्या स्त्रीस टिळकांनीं घरीं अक्षरओळख करून दिली, तिनें त्यांचा ग्रंथ पुढें नेला.

या सर्व चरित्रांवरून देवाची रीत कोणती दिसते? तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली ही कीं, देव मनुष्याचा स्वभाव मोडून दुसरा घडवीत नाहीं. आहे त्याच स्वभावास वळण देतो. यिर्मया संदेष्ट्यानें कुंभाराच्या घरीं पाहिलें तेंही हेंच. चाकावर भांडें बिघडलें तर कुंभार माती फेंकून देत नाहीं. त्याच मातीचा गोळा करून पुन्हां चाकावर घेतो. दुसरी गोष्ट ही कीं, देव एकट्या मनुष्याकडून काम पुरें करवीत नाहीं. मार्कास बर्णबा हवा होता, पेत्रास पौल हवा होता, टिळकांस लक्ष्मीबाई हव्या होत्या. मंडळी म्हणून जी संस्था आहे तिचें प्रयोजन हेंच. निर्दोष मनुष्यास मंडळीची गरज भासली नसती. तिसरी गोष्ट ही कीं, जेथें दोष उघडपणें बोलला गेला तेथें काम पुढें गेलें. पेत्राची कानउघाडणी झाली नसती तर पंक्तिभेद मंडळीच्या पायांतच बसला असता.

येथें एक सूचना देणें अवश्य आहे, कारण या शिकवणीचा दुरुपयोग फार सहज होतो. 'मनुष्य अपूर्णच आहे, देव अशांसही वापरतो' असें म्हणून कोणी आपल्या अपराधावर पांघरूण घालूं पाहील, तर तें शास्त्राच्या अगदीं उलट होय. दावीद राजा देवास प्रिय होता. पण त्यानें उरीयाची बायको नेली व उरीयास युद्धांत मारविलें तेव्हां देवानें नाथान संदेष्ट्यास त्याच्या तोंडावर पाठविलें. राजाच्या स्तोत्रांकडे पाहून देवानें उरीयाचें रक्त विसरलें नाहीं. म्हणून आपणासही तो अधिकार नाहीं. देव अपूर्ण मनुष्याचा उपयोग करितो, याचा अर्थ त्या मनुष्यानें केलेली इजा ही इजा राहत नाहीं असा होत नाहीं. उपदेशक गोड बोलतो, शिक्षक विद्वान आहे, वडील मंडळीचे पंच आहेत, एवढ्यावरून घरांतल्या किंवा वर्गांतल्या दुर्बळानें सोसावें असें कोणीं सांगूं नये. एखादें मूल रडत येऊन कोणा वडीलधाऱ्याविषयीं तक्रार सांगूं लागलें, तर 'तो देवाचा माणूस आहे, गप्प बस' असें म्हणणाऱ्या पालकानें देवाची बाजू घेतली असें होत नाहीं. त्या मुलाचें पुरें ऐकून घ्यावें, चौकशी करावी, व खरें निघाल्यास उघड न्याय करावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांस वाटतें कीं आपण चांगले होऊं तेव्हां चांगलीं कामें करूं. आधीं राग जाईल, आधीं आळस जाईल, आधीं परीक्षेंत पहिला नंबर येईल, आणि मग आपण कोणाच्या उपयोगी पडूं. मार्कानें ही वाट पाहिली असती तर तो शेवटपर्यंत घरींच राहिला असता. हातांत आज जें लहान काम आहे तें करा, तें करितांना जो दोष उघडा पडेल तो कबूल करा, आणि शेजारच्या मुलाचा दोष दिसला तर त्याच्या पाठीमागें न बोलतां त्याच्याशीं बोला. आणि पालकहो, आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांतील लाल आंकडा पाहतांना बर्णबाचें स्मरण ठेवा. पौलाचा कडकपणा कांहीं वेळां लागतो, हें खरें. परंतु त्या वेळीं बर्णबानें त्या मुलास आपल्याबरोबर तारवांत बसविलें नसतें, तर पुढें पौलास बोलावण्यास मार्क उरला नसता.